रोमांची भरपाई: न्याय अर्जाच्या फॉर्ममध्ये कुठे अडकतो

प्रश्न असा आहे: युरोपातल्या रोमा आणि सिंती लोकांवर, म्हणजे ज्यांना पूर्वी 'जिप्सी' म्हणत त्यांच्यावर, पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झाला. त्याबद्दल सरकारांनी माफी मागितली, स्मारकं उभारली, काही ठिकाणी पैसेही दिले. मग 'संक्रमणकालीन न्याय' म्हणतात तो त्यांना मिळाला का? आणि आपल्याकडच्या भटक्या-विमुक्तांसाठी त्यातून काय उचलता येईल?

माफीच्या भाषणावरून यातलं काहीच कळत नाही. भरपाईचा कायदा हातात घ्यायचा आणि त्यातली तीन कलमं आधी वाचायची. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचा अन्याय धरलाय, तो कोणत्या कागदाने सिद्ध करायचाय, आणि अर्ज कधीपर्यंत घेणार आहेत. रोमांच्या बाबतीत या तीन कलमांनी जितकी माणसं गाळली, तितकी उघड विरोधानेही गाळली नसतील. चौथी गोष्ट कायद्यात कुठेच लिहिलेली नसते, ती म्हणजे टेबलापलीकडे अर्ज तपासायला कोण बसलंय.

या न्यायाची नेहमीची चौकट अशी की जुनी राजवट पडते, नवी येते आणि ती जुनीचे गुन्हे उघडे करते: सत्यशोधन आयोग, खटले, भरपाई, पोलिस आणि न्यायसंस्थेतली सुधारणा. रोमांना ही चौकट नीट बसत नाही, कारण राजवटी बदलल्या तरी त्यांच्यावरचं दप्तर बदललं नाही. म्यूनिकच्या पोलिसांनी १८९९ सालीच 'जिप्सीं'ची माहिती गोळा करणारं खास कार्यालय उघडलं. १९०५ मध्ये आल्फ्रेड डिलमान या अधिकाऱ्याने त्या नोंदी पुस्तकरूपात छापल्या. १९२६ साली, म्हणजे हिटलर सत्तेवर यायच्या सात वर्षं आधी, लोकशाहीतल्या बव्हेरियाने जिप्सी, फिरस्ते आणि 'कामचुकार' यांच्याविरुद्ध कायदा केला. नाझींना हे सगळं आयतं मिळालं. युद्धानंतर दोस्तराष्ट्रांनी तो कायदा रद्द केला, तर बव्हेरियाने १९५३ मध्ये फक्त 'फिरस्ते' हा शब्द ठेवून नवा नियम आणला. माणसं तीच होती. तो नियम १९७० पर्यंत चालला. इथे संक्रमण नेमकं कधी झालं म्हणायचं?

जाता जाता एक सांगायला हवं. मराठी वाचकाला रोमांविषयी पटकन जिव्हाळा वाटतो, कारण त्यांच्या भाषेत पाण्याला 'पानी' आणि कानाला 'कान' म्हणतात, आणि त्यांच्या झेंड्यावर चक्र आहे. नातं खरं आहे. पण दाव्यात त्याचा उपयोग शून्य, आणि उलट धोकाच जास्त. 'हे मूळचे बाहेरचे' हा मुद्दा सहा-सातशे वर्षं त्यांच्याविरुद्धच वापरला गेलाय. जर्मन सिंती हे जर्मन नागरिक म्हणून दावा लावतात आणि तो तसाच लावायला हवा.

तारखेचा घोळ

जर्मनीचं उदाहरण जरा सविस्तर पाहू, कारण तारखेच्या कलमाने काय होतं ते इथे उघड दिसतं.

१९५०च्या दशकातल्या संघीय भरपाई कायद्यानुसार वंश, धर्म किंवा राजकीय मतामुळे छळ झालेल्यांनाच पैसे मिळणार होते. कैदेच्या प्रत्येक महिन्याला १५० मार्क, म्हणजे दिवसाला ५. म्हणजे सिंती किंवा रोमा अर्जदाराने दोन गोष्टी सिद्ध करायच्या: मला डांबलं, आणि मला *वंशामुळे* डांबलं. पहिली गोष्ट छावणीच्या नोंदीत सापडायची. दुसरीवर ७ जानेवारी १९५६ रोजी जर्मनीच्या संघीय न्यायालयाने पाणी ओतलं. मे १९४० मध्ये सुमारे २,५०० सिंती-रोमांना पकडून पोलंडमध्ये हाकललं होतं. न्यायालयाने म्हटलं की तो वांशिक छळ नव्हता, गुन्हे रोखण्यासाठीचा पोलिसी उपाय होता. खरा वांशिक छळ नाझी पोलिसांचा प्रमुख हिमलर याच्या १६ डिसेंबर १९४२च्या आदेशानंतर, म्हणजे आउश्वित्झच्या मृत्युछावणीत पाठवणी सुरू झाल्यावर, १९४३ पासून धरायचा. निकालात 'जिप्सीं'ना गुन्ह्याची उपजत ओढ असते, अशा अर्थाची वाक्यंही होती. हिमलरच्याच ८ डिसेंबर १९३८च्या आदेशात हा प्रश्न 'वंशाच्या स्वरूपातून' हाताळायचा असं स्वच्छ लिहिलेलं होतं. लेखी पुरावा समोर असताना त्याकडे पाठ फिरवली गेली.

परिणाम हिशेबात पाहा. १९३८ ते १९४३ या पाच वर्षांतलं स्थलांतर, सक्तीची मजुरी आणि नगरपालिकांनी उभारलेल्या छावण्यांतली कैद हे सगळं एका तारखेने बाद झालं. १९६३ मध्ये त्याच न्यायालयाने भूमिका थोडी बदलली आणि १९३८ पासून वांशिक हेतूही सोबत असू शकतो असं मान्य केलं. १९६५च्या सुधारित कायद्याने पूर्वी फेटाळलेल्यांना पुन्हा अर्ज करायची मुभा दिली. पण सगळ्या अर्जांची अखेरची मुदत होती ३१ डिसेंबर १९६९. ज्याला १९५७ मध्ये 'तुम्ही गुन्हेगार प्रवृत्तीचे' असं लेखी उत्तर आलंय, तो माणूस पुन्हा त्याच कचेरीची पायरी चढेल ही अपेक्षाच फोल होती. शिवाय अनेकांचे नागरिकत्वाचे कागद काढून घेतलेले होते. ते आपल्याच देशात बिगरनागरिक झाले होते आणि आधी ते सोडवत बसले.

आता टेबलापलीकडच्या माणसाकडे वळू. भरपाई कचेऱ्या अर्जदाराबद्दल पोलिसांकडून अभिप्राय मागवायच्या. ते पोलिस म्हणजे बहुतेकदा पूर्वी 'जिप्सी' विभागात काम केलेलेच. रॉबर्ट रिटर या डॉक्टरने नाझी काळात वंशसंशोधन केंद्रातून सुमारे २४,००० माणसांबद्दल 'वांशिक अभिप्राय' तयार केले होते. युद्धानंतर त्याला फ्रँकफर्टच्या सार्वजनिक आरोग्य खात्यात नोकरी मिळाली, त्याची सहकारी एफा युस्टिन हिलाही. कुंपणानेच शेत खाल्लं आणि नंतर पंचनामाही कुंपणानेच लिहिला. सक्तीने नसबंदी झालेल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. आरोग्यहानीच्या निवृत्तिवेतनासाठी कमाईची क्षमता किमान २५ टक्के घटलेली दाखवावी लागे, आणि नसबंदीमुळे हात-पाय कामातून जात नाहीत म्हणून अर्ज परत यायचे.

ही कोंडी कायद्याने फुटली नाही. एप्रिल १९८० मध्ये बारा जणांनी, त्यांत बहुतेक सिंती, डाखाऊच्या जुन्या नाझी छावणीच्या जागी उपोषण केलं. सिंती-रोमा चळवळीचे नेते रोमानी रोझे त्यांच्यात होते.  म्यूनिकच्या त्या जुन्या नोंदी कुठे आहेत, हा त्यांचा एक मुख्य प्रश्न होता. सप्टेंबर १९८१ मध्ये कार्यकर्त्यांनी ट्यूबिंगन विद्यापीठाच्या अभिलेखागारात ठाण मांडलं, कारण रिटरच्या केंद्राच्या फाइली तिथे होत्या आणि संशोधक त्या अजून वापरत होते. फाइली कोब्लेंझच्या राष्ट्रीय अभिलेखागारात हलवायला भाग पाडलं. १७ मार्च १९८२ रोजी चान्सेलर हेल्मुट श्मिट यांनी हा वंशसंहार असल्याचं मान्य केलं. तोवर भरपाई कायद्याची दारं बंद होऊन बारा वर्षं झाली होती. १९८१च्या तातडीच्या निधीतून एकदाच ५,००० मार्कपर्यंत मिळत, तेवढाच आधार. २०२१ मध्ये जर्मन सरकारने नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने युद्धोत्तर वागणुकीला 'दुसरा छळ' असं नाव दिलं आणि त्याचीही वेगळी चौकशी करायला सांगितलं. माझ्या मते या विषयातली ती सगळ्यात महत्त्वाची शिफारस. भरपाई नाकारणं हाही मोजण्याजोगा अन्याय आहे, हे त्यातून मान्य होतं.

भरपाईच्या कायद्याचा मसुदा लिहिणाऱ्याने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. छळाचं *कारण* अर्जदाराला सिद्ध करायला लावू नका. तो त्या समाजाचा होता आणि त्या काळी त्या ठिकाणी होता, एवढं पुरे ठेवा. कारण वेगळं होतं असं राज्याला म्हणायचं असेल तर पुरावा राज्याने आणावा. आणि ज्या खात्याने छळ केला त्याचा अभिप्राय घेण्यावर कायद्यातच बंदी घाला.

पुरावा कुठून आणायचा

तारखेच्या बाबतीत चेक प्रजासत्ताकाने चांगलं काम केलं, पुराव्यात मात्र ते अडकलं.

चेकोस्लोव्हाकियात १९७०च्या दशकापासून रोमा स्त्रियांच्या नसबंदीला सरकारी प्रोत्साहन होतं. समाजसेविका घरी यायच्या, रोख रकमेचं आमिष असायचं (१९८०च्या दशकाच्या शेवटी १०,००० क्राउनपर्यंत), किंवा मुलं संस्थेत टाकू अशी धमकी. 'चार्टर ७७' या नागरी हक्कांच्या चळवळीतल्या, राजवटीवर असंतुष्ट असलेल्यांनी डिसेंबर १९७८ मध्येच यावर लिहिलं होतं. साम्यवाद गेला, प्रोत्साहनाचा नियम गेला, पण दवाखान्यांची सवय गेली नाही. सिझेरियन करताना 'हेही उरकून टाकू' हे सुरूच राहिलं. लोकपाल ओटाकार मोटेल यांचा अहवाल डिसेंबर २००५ मध्ये आला, सरकारने खेद २००९ मध्ये व्यक्त केला, आणि भरपाईचा कायदा झाला २०२१ मध्ये. मधल्या काळात दिवाणी दावे बहुतेक मुदतबाह्य ठरले.

कायदा असा: १ जुलै १९६६ ते ३१ मार्च २०१२ या काळात बेकायदा नसबंदी झालेल्या व्यक्तीला ३,००,००० क्राउन. अर्ज आरोग्य मंत्रालयाकडे, निर्णय ६० दिवसांत, योजना १ जानेवारी २०२२ पासून, मुदत मुळात तीन वर्षांची. तारखेची चौकट मोठी आहे, राजवटीच्या दोन्ही बाजूंचा काळ घेतलाय, आणि अर्जदाराने रोमा असणं सिद्ध करायची गरजच ठेवलेली नाही. कागदावर नमुनेदार.

घोटाळा झाला तो दवाखान्याच्या कागदांवरून. रुग्णाची फाइल ठरावीक वर्षांनी नष्ट करायचा नियम दवाखान्यांना आहेच. १९७५ची फाइल २०२२ मध्ये कुठून मिळणार? मंत्रालयाने सुरुवातीला अशा अर्जांना सरळ नकार दिला. पुढे न्यायालयांनी सांगितलं की फाइल नष्ट होण्यात अर्जदाराचा दोष नाही, इतर पुरावेही तपासायला हवेत. पण तोवर साठीच्या-सत्तरीच्या बायकांची वर्षं गेली.

फाइल नसलेला दावा कसा उभा करायचा, ते क्रमाने सांगतो. आधी दवाखान्याकडून *लेखी* उत्तर घ्यायचं की फाइल नष्ट केली, कोणत्या वर्षी आणि कोणत्या नियमाने. तोंडी 'नाही सापडत' चालत नाही, कारण पुढच्या प्रत्येक पायरीवर हेच पत्र लागतं. मग फाइलीबाहेरच्या नोंदी शोधायच्या. शस्त्रक्रियागृहाचं नोंदपुस्तक वेगळं असतं आणि बरेचदा जास्त काळ टिकतं. प्रसूतिकक्षाचं पुस्तक वेगळं. १९७१च्या निर्देशानुसार नसबंदीला समितीची मान्यता लागायची, तिचं इतिवृत्त असू शकतं. प्रोत्साहनाची रक्कम आरोग्य खात्याकडून नाही, समाजकल्याण विभागाकडून दिली जायची, म्हणून स्थानिक प्रशासनाच्या हिशेबात शोधायचं. गावच्या डॉक्टरकडे दवाखान्यातून आलेलं डिस्चार्जचं पत्र पडून असतं. शेवटी आजची वैद्यकीय तपासणी आणि साक्षी: सोबत दाखल असलेली बाई, नणंद, त्या वेळची नर्स.

साक्ष घेताना साल विचारू नका. 'किती साली?' म्हटलं की बाई अंदाजाने सांगते, तो चुकतो, आणि पुढे विसंगती म्हणून तिच्यावरच उलटतो. कितव्या मुलाच्या वेळी, तेव्हा कुठे राहत होता, नवरा कुठे कामाला होता, असं विचारा आणि साल मुलाच्या जन्मदाखल्यावरून काढा. नवरा किंवा सासू खोलीत असताना विचारू नका, कारण कित्येकींनी हे घरात कधीच सांगितलेलं नसतं. आणि 'सही केली होती का?' हा पहिला प्रश्न करू नका. सही म्हणजे संमती, आता आपलं काही चालणार नाही, असं समजून बायका तिथेच थांबतात.

सहीचं वजन किती, ते घड्याळ ठरवतं. हंगेरीतल्या ए. एस. या रोमा बाईच्या प्रकरणात संयुक्त राष्ट्रांच्या महिला भेदभावविरोधी समितीने २००६ मध्ये निर्णय दिला. रुग्णवाहिका दवाखान्यात पोहोचल्यापासून दोन्ही शस्त्रक्रिया संपेपर्यंत १७ मिनिटं गेली होती, आणि सही घेतलेल्या कागदावर नसबंदीसाठी लॅटिन शब्द होता. १७ मिनिटांत रक्त वाहत असलेली बाई काय समजून सही करणार? दाव्याचा कणा तो आकडाच होता. स्लोव्हाकियाच्या व्ही. सी. या प्रकरणात (युरोपीय मानवाधिकार न्यायालय, २०११) प्रसूतीच्या कळा चालू असताना 'रुग्णाला नसबंदी हवी आहे' असं टंकलेल्या ओळीखाली थरथरत्या अक्षरांत सही होती. न्यायालयाने ही अमानुष वागणूक ठरवली आणि ३१,००० युरो दिले. म्हणून प्रत्येक दाव्यात चार घटनांची घड्याळातली वेळ एका कागदावर उतरवा: दवाखान्यात पोहोचल्याची, दाखल केल्याची, सहीची आणि भूल दिल्याची. सही कळांच्या वेळेत किंवा भुलीनंतर पडत असेल तर 'संमती'चा मुद्दा बहुतांशी निकालात निघतो.

मुळात कागदांची प्रत मिळणं हाच एक लढा होता. स्लोव्हाकियात आठ स्त्रियांना दवाखान्यांनी फाइल 'वाचू' दिली, हाताने टिपणंही घेऊ दिली, पण छायाप्रत नाही. २००९ मध्ये के. एच. या खटल्यात युरोपीय न्यायालयाने म्हटलं की स्वतःच्या फाइलीची प्रत मागताना कारण द्यावं लागत नाही, कारण नाकारणाऱ्याने द्यायचं. भरपाईच्या कुठल्याही कायद्याआधी हा हक्क पक्का करून घ्यावा. उलट क्रमाने गेलात तर अर्जाची मुदत धावत असते आणि कागद दवाखान्यात बसलेले असतात.

व्ही. सी. निकालात एक उणीव राहिली. तिच्या फाइलीत 'रुग्ण रोमा वंशाची' असं लिहिलेलं असूनही भेदभावाचा मुद्दा न्यायालयाने वेगळा तपासलाच नाही. एकेका बाईला पैसे मिळाले, पण 'हे रोमा म्हणून केलं' हे निकालात आलं नाही. भेदभाव सिद्ध करायचा तर एकेकीची कहाणी पुरत नाही, तिथे आकडे लागतात.

त्याचा नमुना म्हणजे युरोपीय मानवाधिकार न्यायालयातला २००७चा डी. एच. खटला. चेक शहर ओस्ट्राव्हामधल्या १८ रोमा मुलांना मतिमंदांच्या 'विशेष शाळां'त टाकलं होतं. वकिलांनी एकेका मुलाची बुद्धी मोजत बसण्याऐवजी शहरातल्या मुख्याध्यापकांकडून प्रश्नावलीवर लेखी उत्तरं घेतली. त्यांतून निघालं की रोमा मुलांपैकी ५०.३ टक्के विशेष शाळेत आहेत आणि इतरांपैकी १.८ टक्के. न्यायालयाच्या मोठ्या पीठाने १३ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की हेतू सिद्ध करायची गरज नाही, आकडा इतका बोलका असेल तर खुलासा राज्याने करायचा. पालकांची सही होती, तीही बाजूला ठेवली. भेदभाव सोसायला कोणी संमती देऊ शकत नाही, असं म्हटलं. प्रत्येकाला ४,००० युरो मिळाले. मात्र मुलं तोवर शाळेच्या वयातून बाहेर पडली होती, आणि 'विशेष शाळां'ची नुसती नावं बदलून तीच व्यवस्था पुढे चालली. पैशाचा निकाल एका दिवसात अमलात येतो, पाटी बदलली तरी वर्ग तोच राहतो.

रकमा, स्मारकं आणि सामूहिक निधी

किती द्यायचं याचं सूत्र कुठेच नाही, पण कमी रक्कम अपमान ठरते हे स्वीडनमध्ये दिसलं. २०१३ मध्ये वर्तमानपत्राने उघड केलं की स्कोने भागातल्या पोलिसांकडे 'फिरस्ते' नावाचं रजिस्टर आहे. त्यात सुमारे ४,७०० नावं होती, लहान मुलं आणि मेलेली माणसंही. सरकारने तक्रार करणाऱ्यांना ५,००० क्रोनर देऊ केले. अकरा जण कोर्टात गेले. २०१६ मध्ये न्यायालयाने नोंदीमागे वंशाखेरीज कारण दिसत नाही असं म्हणत प्रत्येकाला आणखी ३०,००० दिले, आणि अपिलात ते टिकलं. फरक पैशाचा जितका, तितकाच त्या एका वाक्याचा. पहिल्या रकमेसोबत दोष फक्त नोंद ठेवण्याच्या पद्धतीचा मानला गेला होता.

स्मारकांवर फार बोलत नाही. पण लेटी सोडता येत नाही. चेक प्रदेशात पिसेकजवळच्या या छावणीत चेक पहारेकऱ्यांच्या देखरेखीखाली सुमारे १,३०० रोमा कोंडले होते, तीनशेहून जास्त तिथेच मेले, पाचशेहून जास्त आउश्वित्झला गेले. १९७०च्या दशकात त्या जागेवर डुकरांचं फार्म उभं राहिलं. ते हटवायला सरकारने सुमारे ४५ कोटी क्राउन मोजून कंपनीकडून विकत घेतलं, पाडकाम २०२२ मध्ये आणि स्मारक २०२४ मध्ये झालं. वाचलेली माणसं तोवर जवळजवळ संपली होती. जागा खासगी हातात जाऊ द्यायची आणि मग वरातीमागून घोडं नाचवायचं, याची किंमत कशी वाढत जाते त्याचा हा हिशेब. पीडितांना पैसे देताना ज्यांनी हात आखडला, त्यांनीच डुकरांच्या गोठ्यासाठी तिजोरी उघडली.

आणखी एका वळणापासून सावध राहा: व्यक्तीला भरपाईऐवजी 'समाजाच्या विकासासाठी निधी'. कोसोव्होत १९९९ नंतर मित्रोव्हित्सा इथल्या विस्थापित रोमांना संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाने शिशाच्या खाणीच्या कचऱ्याजवळच्या छावण्यांत ठेवलं. मुलांच्या रक्तात शिसं वाढलं. संयुक्त राष्ट्रांच्याच सल्लागार मंडळाने २०१६ मध्ये १३८ तक्रारदारांना माफी आणि वैयक्तिक भरपाई द्यायला सांगितलं. २०१७ मध्ये सरचिटणीसांनी खेद व्यक्त करून ऐच्छिक देणग्यांचा सामूहिक निधी जाहीर केला. देणगी ऐच्छिक म्हटल्यावर काय होणार ते सांगायला नको. रस्ता, नळ, शाळा हे नागरिकाला एरवीही मिळायला हवं, ते भरपाईच्या खात्यावर लिहिलं की दोन हक्कांत एकच वस्तू मिळते. सामूहिक निधी हवा असेल तर वैयक्तिक रकमेनंतर आणि अर्थसंकल्पातून.

मसुद्यात हमखास राहून जाणारी एक बाब: भरपाईची रक्कम कर्जवसुली, कर आणि शिधा-पेन्शनच्या उत्पन्नमर्यादेतून वगळली आहे असं स्पष्ट लिहा, नाहीतर एका हाताने आलेला पैसा दुसऱ्या खिडकीवर जातो. आणि अर्जदार निर्णयाआधी वारला तर वारसाला तोच अर्ज पुढे चालवता यावा. सरासरी वय सत्तरच्या घरात असताना ६० दिवसांचा निर्णय वर्षावर गेला, तर ही ओळ नसल्याने सरकारचं काम आपोआप हलकं होतं.

आपल्याकडे

समांतर उघड आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हेगारी चिकटवली, म्यूनिकच्या कार्यालयाआधी अठ्ठावीस वर्षं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला, म्हणून तो विमुक्त दिन. पण त्याची जागा सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी घेतली, बव्हेरियाने 'जिप्सी'चं 'फिरस्ते' केलं त्याच धर्तीवर. सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारांच्या कुंपणात माणसं कोंडल्याबद्दल भरपाईचा विचारही कोणत्या योजनेत नाही. आपला सगळा भर आरक्षणावर राहिला, आणि आरक्षणाच्या दारातही तीच कलमं उभी आहेत. महाराष्ट्रात विमुक्त-भटक्यांना जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ या मानीव दिनांकापूर्वीचा राज्यातल्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्याला कायद्याने एका गावी थांबू दिलं नाही, त्याला साठ वर्षांनी विचारायचं की तुझं मूळ गाव कोणतं, महसुली नोंद दाखव.

इथे जर्मनीचा धडा थेट लागू पडतो. या समाजांकडे सातबारा नसेल, शाळेचा दाखला नसेल, पण सरकारकडे त्यांच्यावरच्या नोंदी आहेत: जमातींना गुन्हेगार ठरवणाऱ्या मुंबई सरकारच्या राजपत्रातल्या अधिसूचना, सेटलमेंटची हजेरीपुस्तकं, पोलिस ठाण्यांतली जुनी पाळतीची रजिस्टरं. यांतल्या हजेरीपुस्तकांत आणि रजिस्टरांत सहसा नाव, बापाचं नाव, जमात, ठिकाण आणि तारीख असते. जातपडताळणी समिती जे मागते ते नेमकं तेच. गाठ एवढीच की हे कागद पुराभिलेखात, जिल्हा पोलिस कचेरीत आणि तुरुंग खात्यात विखुरलेले आहेत आणि अर्जदाराला ते मागता येतात हेच सांगितलं जात नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता प्रकरणात तुरुंगाच्या रजिस्टरांतला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि विमुक्तांना सराईत गुन्हेगार धरणारे नियम रद्दबातल ठरवले. निकाल चांगला आहे. पण त्याच्या अंमलबजावणीत एक भीती आहे: 'रकाना काढा' या आदेशाचा अर्थ एखाद्या कचेरीत 'जुनी पुस्तकं रद्दीत काढा' असा लावला जाईल. नव्या नोंदीत जात नको, हे बरोबरच. जुनी रजिस्टरं मात्र ठाण्याबाहेर, पुराभिलेख संचालनालयाच्या ताब्यात गेली पाहिजेत, पोलिसांना ती पाळतीसाठी उघडता येऊ नयेत, आणि ज्यांची नावं त्यात आहेत त्यांच्या घरच्यांना प्रमाणित प्रत फुकट मिळायला हवी. ट्यूबिंगनला ठाण मांडून बसलेल्या सिंतींनी फाइली जाळायला सांगितलं नव्हतं, फक्त जागा बदलून घेतली होती. आज कोणी संघटना कामाला लागणार असेल तर भरपाईच्या मागणीचं निवेदन नंतर लिहावं. आधी जिल्ह्यातल्या प्रत्येक ठाण्याला माहितीच्या अधिकारात एकच प्रश्न टाकावा: १९५२ पूर्वीची गुन्हेगार जमातींची रजिस्टरं तुमच्याकडे आहेत का, नसतील तर कोणत्या आदेशाने, कोणत्या तारखेला नष्ट केली?